घरातील परवानाधारी शस्त्र : काडतुसांच्या हिशेबापासून वारसापर्यंत

वडिलांच्या निधनानंतर कपाट आवरताना कापडात गुंडाळलेली जुनी दुनळी बंदूक हाती लागते. सोबत पिवळी पडलेली परवान्याची पुस्तिका आणि डबीत चार-सहा काडतुसे असतात. घर, ठेवी आणि दागिने वारसांकडे येतात, तशीच ही बंदूकही आली, असे कुटुंब गृहीत धरते. कायद्याची भूमिका मात्र वेगळी आहे. परवाना व्यक्तीला मिळतो, घराला नव्हे. परवानाधारकाच्या मृत्यूबरोबर ते शस्त्र घरात ठेवण्याचा अधिकार संपतो आणि अनवधानाने ठेवलेली बंदूकही वारसांना फौजदारी गुन्ह्याच्या उंबरठ्यावर नेऊ शकते.

परवाना कोणाला, कशाचा?

भारतात शस्त्र बाळगण्याचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ या कायद्याने होते. १८७८ च्या ब्रिटिशकालीन कायद्याची जागा त्याने घेतली. तपशीलवार कार्यपद्धती शस्त्र नियम, २०१६ मध्ये दिलेली आहे. परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. महाराष्ट्रात पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे, तर अन्यत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल हा निर्णयाचा मुख्य आधार असतो.

शस्त्रांचे निषिद्ध आणि अनिषिद्ध बोअर असे दोन गट आहेत. पॉइंट ३०३ ची रायफल किंवा ९ मिलिमीटरचे पिस्तूल पहिल्या गटात मोडते. सामान्य परवानाधारकाकडे म्हणूनच बहुधा पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, पॉइंट ३१५ ची रायफल अथवा १२ बोअरची बंदूक आढळते.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. वारशाने आलेली शस्त्रेही या मर्यादेत मोजली जातात. परवान्याची मुदत मात्र तीनऐवजी पाच वर्षे झाली. नेमबाजांसाठी स्वतंत्र सवलती आहेत. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत निष्काळजीपणे हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा आता स्वतंत्र गुन्हा असून, त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रत्येक काडतुसाचा हिशेब

शस्त्राइतकेच काडतूसही परवान्याच्या कक्षेत येते. एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवता येतील आणि वर्षभरात किती खरेदी करता येतील, हे दोन्ही आकडे परवान्यावर नमूद असतात. परवानाधारक विक्रेता प्रत्येक खरेदीची नोंद करतो. उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या फेकून न देता जपून ठेवणे शहाणपणाचे असते, कारण काडतुसे कुठे वापरली याचा खुलासा केव्हाही मागितला जाऊ शकतो.

या क्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा जुना आहे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. १२ बोअरच्या अनेक काडतुसांच्या बुडावर दिसणारी 'केएफ' ही अक्षरे याच कारखान्याची. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी बरखास्त झाल्यानंतर हा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावची निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेल्या.

पुंगळी पुन्हा भरता येते का?

काडतुसाचे चार भाग असतात : धातूची पुंगळी, बुडाशी बसवलेली टिकली, आतील दारू आणि पुढची गोळी. बार उडाल्यावर पुंगळी शिल्लक राहते. तीत नवी टिकली, दारू आणि गोळी बसवून ती पुन्हा वापरणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. अमेरिकेत अनेक नेमबाज हा छंद म्हणून जोपासतात. खर्च वाचतो आणि आपल्या रायफलला साजेसे काडतूस तयार करता येते, हे त्यांचे गणित.

भारतात हे गणित लागू पडत नाही. कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येतच काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्री यांचा समावेश आहे. शस्त्र बाळगण्याच्या परवान्याने काडतूस बनवण्याची मुभा मिळत नाही. निर्मितीसाठी वेगळा परवाना लागतो आणि विनापरवाना निर्मितीला २०१९ नंतर किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

धोका कायद्यापुरताच नाही. दारूचा प्रकार चुकला किंवा एकाच पुंगळीत ती दोनदा भरली गेली, तर नळीतील दाब मर्यादेबाहेर जातो आणि शस्त्र वापरणाऱ्याच्या हातातच फुटू शकते. दारू कमी पडली, तर गोळी नळीत अडकते आणि पुढचा बार घातक ठरतो.

देखभालीची पथ्ये

कोकण आणि मुंबईतील दमट हवा ही शस्त्राची मोठी शत्रू आहे. बार उडवल्यानंतर नळीत राहणारी काजळी ओलावा धरून ठेवते आणि गंज चढतो. त्यामुळे वापरानंतर लगेच, तसेच पावसाळ्यात न वापरताही ठरावीक काळाने सफाई आवश्यक असते.

सफाईपूर्वी शस्त्र रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करावी आणि काडतुसे त्या टेबलावर ठेवूच नयेत. रचना अनुमती देत असेल, तेथे नळी मागच्या बाजूने साफ करावी, म्हणजे तोंडाची कड झिजत नाही. तेलाचा हात हलका असावा. जादा तेल झिरपून काडतुसाची टिकली निकामी करू शकते. कातडी म्यानात शस्त्र महिनोन्‌महिने ठेवणे टाळावे, कारण चामडे ओलावा शोषून घेते.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे, कारण बार उशिरानेही उडू शकतो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढचा बार न काढता नळी तपासून घ्यावी. दुरुस्ती केवळ परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी. घरी शस्त्र आणि काडतुसे स्वतंत्र ठिकाणी, कुलूपबंद ठेवावीत.

निवडणुका आणि वारसा

निवडणुकीच्या काळात शस्त्रे पोलिसांकडे जमा करण्याच्या नोटिसा निघतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्ये सरसकट आदेशांना आक्षेप घेतला होता. छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करावा, अशी पद्धत आहे. जमा करताना पावती घ्यावी.

वारशाबाबत नियमांत एक सोय आहे. वयाची ७० वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यानंतर परवानाधारकाला हयातीतच ते कायदेशीर वारसाकडे हस्तांतरित करण्यासाठी अर्ज करता येतो. वारसाला अर्थातच स्वतःच्या पात्रतेवर परवाना मिळवावा लागतो.

मृत्यूनंतर मात्र विलंब न लावता शस्त्र आणि काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मगच परवान्यासाठी अर्ज करावा. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षे कैदेची तरतूद आहे. कपाटातील ती बंदूक वडिलांची आठवण असली, तरी पावती किंवा नवा परवाना हाती येईपर्यंत ती कुटुंबाच्या डोक्यावरची टांगती तलवारच असते.