बांज ओक
(क्वेर्कस ल्युकोट्रायकोफोरा, कुल–फॅगेसी). पश्चिम हिमालयातील सदापर्णी वृक्ष. कुमाऊँ-गढवालमध्ये सुमारे १,२०० ते २,३०० मी. उंचीवर विपुल. पाने दातेरी, खालून पांढरट लवयुक्त. बागेत लागवड बियांपासूनच करावी. बी वाळले की रुजण्याची शक्ती झपाट्याने गमावते. म्हणून ताजे, पाण्यात बुडणारे बीच घ्यावे. तरंगणारे बहुधा किडलेले असते. बुडणारे बी आडवे, २–३ सेंमी. खोल पेरून उंदरांपासून जाळीने जपावे. सोटमूळ लवकर खोल जाते, त्यामुळे कायमच्या जागी पेरणे उत्तम. मोठे रोप हलवणे त्याच्या जिवावर बेतते. पालापाचोळ्याचे आच्छादन व सुरुवातीची काही वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे. बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. महाराष्ट्राच्या उष्ण मैदानी हवेत हा वृक्ष लावू नये.