किनाऱ्याला लागलेल्या मालाचा धनी कोण?

१/२०
सिल्लोडहून अजिंठ्याकडे निघालेला प्रवासी घाट उतरून लेण्यांपाशी पोहोचतो, तेव्हा अरबी समुद्र शेकडो किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या पलीकडे असतो. तरीही लेणे क्रमांक २ मध्ये एक जहाज रंगवलेले आहे. त्याला तीन डोलकाठ्या आहेत, त्यावर रांजण रचलेले आहेत आणि ते भर समुद्रात संकटात सापडले आहे. एका फार जुन्या कायदेशीर प्रश्नाकडे जाण्याची वाट या चित्रापासून सुरू होते.

२/२०
हे चित्र पूर्णाच्या कथेतील आहे. शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे, येथील हा व्यापारी पुढे बौद्ध भिक्षू झाला. त्याचा भाऊ भविल मौल्यवान चंदन आणण्यासाठी समुद्रपार गेला असता एका यक्षाने वादळ उठवले. भविलाने पूर्णाचा धावा केला, जहाज वाचले आणि चंदनही वाचले. त्याच चंदनातून शूर्पारकात बुद्धांसाठी प्रासाद उभारला गेला, असे 'दिव्यावदान' सांगते.

३/२०
लेणे क्रमांक १७ मधील सिंहलाची कथा मात्र भयंकर आहे. येथे जहाज फुटते आणि व्यापारी एका अनोळखी बेटाला लागतात. सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात, पण त्या राक्षसी असतात आणि आश्रयाला आलेल्यांनाच त्या खातात. समुद्रातून जिवंत सुटलेला माणूस किनाऱ्यावरच्यांच्या हाती सापडतो, ही भीती प्राचीन व्यापाऱ्यांच्या मनात किती खोलवर होती, हे या कथेवरून कळते.

४/२०
समुद्रापासून इतक्या दूर ही चित्रे का काढली गेली? कारण हा प्रदेश व्यापारी मार्गांवर होता. सिल्लोडशेजारचे भोकरदन म्हणजे सातवाहनकालीन भोगवर्धन नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की पैठण आणि तेर येथील माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेला जाई. जहाज कोकणात किंवा गुजरातेत फुटले, तरी नुकसान घाटमाथ्यावरील एखाद्या पेढीचे होऊ शकत असे.

५/२०
आता प्रश्न असा. वादळात गलबत फुटले. गाठोडी, पिंपे, लाकूड लाटांबरोबर वाळूवर आले. हा माल कोणाचा? मूळ धन्याचा? तो पहिल्यांदा ज्याला दिसला त्याचा? ज्याच्या राज्यात तो लागला त्या राजाचा? की समुद्रानेच दिलेला म्हणून कोणाचाही? जगातील बहुतेक किनाऱ्यांवर या प्रश्नाची दोन उत्तरे नांदत होती. एक धर्मग्रंथात होते आणि दुसरे वहिवाटीत.

६/२०
ग्रंथातील उत्तर आधी पाहू. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायानुसार धनी न सापडलेला माल राजाने तीन वर्षे सांभाळावा. या मुदतीत कोणी हक्क सांगितला, तर त्याने मालाचे स्वरूप, संख्या इत्यादी खुणा पटवून द्याव्यात आणि मग माल परत घ्यावा. सांभाळल्याबद्दल राजाने सहावा, दहावा किंवा बारावा हिस्सा घ्यावा. मुदत उलटल्यावरच तो माल राजाचा होतो. म्हणजे सापडणे आणि मालकी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व येथे स्पष्ट आहे.

७/२०
कौटिलीय अर्थशास्त्र थेट जहाजांविषयी बोलते. 'नावध्यक्ष' नावाच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना तो ग्रंथ म्हणतो, की वाट चुकलेल्या किंवा वाऱ्याने मारलेल्या जहाजावर या अधिकाऱ्याने पित्याप्रमाणे अनुग्रह करावा. पाण्याने माल खराब झाला असेल, तर जकात माफ करावी किंवा निम्मी घ्यावी. करवसुलीबाबत अत्यंत काटेकोर असलेला हा ग्रंथ बुडत्या जहाजापुढे हात आखडता घेतो, हे लक्षणीय आहे.

८/२०
प्रत्यक्ष किनाऱ्यावरची वहिवाट मात्र वेगळी होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेला मार्को पोलो मलबारमधील एली या राज्याविषयी लिहितो, की मुद्दाम तेथे आलेल्या जहाजाचा आदर होई. पण दुसरीकडे निघालेले जहाज तेथे येऊन लागले, तर ते लुटले जाई. लुटणाऱ्यांचा युक्तिवाद असा होता, की तुम्हाला जायचे होते अन्यत्र, पण देवाने तुम्हाला आमच्याकडे धाडले, तेव्हा तुमचा माल आमचा.

९/२०
हा युक्तिवाद सामान्य लुटारूंपुरता मर्यादित नव्हता, राजेही तो मानत. याचा स्पष्ट पुरावा आंध्रच्या किनाऱ्यावरील मोटुपल्ली येथे आहे. काकतीय राजा गणपतिदेव याने शके ११६६ मध्ये, म्हणजे इ. स. १२४४-४५ मध्ये, समुद्रव्यापाऱ्यांना अभय देणारा शिलालेख कोरविला. त्यात तो उघडपणे सांगतो, की वादळात सापडून फुटलेल्या आणि किनाऱ्यावर फेकल्या गेलेल्या जहाजांवरील हत्ती, घोडे, रत्ने असे सारे काही पूर्वीचे राजे बळाने घेत असत.

१०/२०
आपण मात्र ठरावीक जकातीखेरीज काहीही घेणार नाही, असे तो जाहीर करतो. करुणा, कीर्ती आणि धर्म ही त्यामागची कारणे तो देतो आणि त्याच लेखात मालागणिक जकातीचे दरही नोंदवतो. दया आणि हिशेब एकाच दगडावर आहेत. पण असे अभय एकदा देऊन भागत नसे. सत्ताबदल झाला की व्यापारी पुन्हा साशंक होत. १३५८ मध्ये अनपोत रेड्डी याला मोटुपल्लीतच नव्याने अभयलेख द्यावा लागला.

११/२०
या धोरणाचे फळ काय मिळते, हे चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने कालिकतमध्ये पाहिले. वादळात जहाजे फुटून माल किनाऱ्यावर येत होता आणि राजाचे शिपाई लोकांना मारून लुटीपासून परावृत्त करीत होते. मलबारात इतरत्र असा माल सरकारजमा होतो, कालिकतमध्ये मात्र तो धन्याकडेच राहतो, म्हणूनच हे बंदर भरभराटीला आले, असे त्याने नमूद केले आहे.

१२/२०
युरोपचे चित्र निराळे नव्हते. ११७९ च्या लॅटरन धर्मपरिषदेने जहाज फुटलेल्या ख्रिस्ती लोकांना लुटणाऱ्यांवर बहिष्काराची शिक्षा ठेवली. या संरक्षणाची मर्यादा 'ख्रिस्ती' या शब्दातच आहे. इंग्लंडच्या १२७५ च्या कायद्याने ठरवले, की जहाजावरून माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत सुटले, तर ते जहाज बेवारस मानू नये. वर्ष आणि एक दिवस माल राखावा, धनी आला तर त्याला द्यावा, न आला तर तो राजाचा.

१३/२०
आता रायगडावर येऊ. साल १६७४. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर होता. राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई, व्यापाराची मोकळीक, जकातीचा दर अशी कलमे त्याने आणली होती. त्यात आणखी एक मागणी होती. इंग्रजांची आणि मुंबईकरांची जहाजे फुटून मराठ्यांच्या किनाऱ्याला लागली, तर माल परत मिळावा.

१४/२०
निराजीपंतांनी दिलेले उत्तर ऑक्झिंडेनच्या दैनंदिनीत आहे. वादळाने वा अन्य कारणाने किनाऱ्याला लागलेली जहाजे वा माल परत देणे कोकणच्या कायद्याविरुद्ध आहे. इंग्रजांना ही सवलत दिली, तर फ्रेंच, डच आणि इतर व्यापारीही ती मागतील. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वहिवाट मोडल्याशिवाय ही मागणी मान्य करता येत नाही. इतर बहुतेक कलमांवर मात्र एकमत झाले आणि जून १६७४ मध्ये तह झाला.

१५/२०
या उत्तराकडे केवळ लोभ म्हणून पाहणे उथळपणाचे ठरेल. नुकतेच सिंहासन स्थापन झालेल्या राज्यापुढे परदेशी कंपनी खास सवलत मागत होती. ती देणे म्हणजे स्वतःच्या किनाऱ्यावरील कायदा परक्याच्या सोयीने वाकवणे. शिवाय मागणाऱ्यांच्या मायदेशी तरी वेगळे काय होते? धनी वेळेत न आल्यास माल राजाचा, हे तत्त्व इंग्लंडही पाळत होते. 'सर्वांना एकच नियम' हा निराजीपंतांचा मुद्दा राजनीतीच्या दृष्टीने भक्कम होता.

१६/२०
पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 'सर्वांना एकच नियम' दोन प्रकारे पाळता येतो. सर्वांचा माल जप्त करून किंवा सर्वांचा परत करून. गणपतिदेवाने दुसरा मार्ग घेतला होता. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले 'आज्ञापत्र' सावकाराला राज्याची शोभा मानते आणि व्यापाऱ्यांना सांभाळण्याचा उपदेश करते. किनाऱ्याचा जुना हक्क आणि व्यापाऱ्याचा विश्वास यांचा मेळ घालण्याचा प्रश्न मराठी राज्यकर्त्यांपुढेही होता.

१७/२०
स्वातंत्र्योत्तर काळातील भारतीय कायदा मनूच्या मुदतीची आणि इंग्लंडच्या त्या जुन्या नियमाची आठवण करून देतो. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यानुसार फुटलेल्या जहाजाचा माल ज्याच्या हाती लागेल, त्याने तो सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे 'रिसीव्हर ऑफ रेक'च्या, स्वाधीन करायचा. धन्याने एका वर्षात हक्क सिद्ध करायचा. माल वाचवणाऱ्याला मेहनताना मिळतो, मालकी मिळत नाही. २०२५ मध्ये संसदेने या क्षेत्रासाठी नवा कायदा संमत केला.

१८/२०
मात्र एकविसाव्या शतकात प्रश्नच उलटा फिरला. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' या जहाजांची टक्कर झाली. शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि तेल पसरले. काही कंटेनरांत कीटकनाशके होती. बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली, मासेमारीला फटका बसला. तरंगत येणारा डबा उघडावा की त्यापासून पळावे, हे पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

१९/२०
२५ मे २०२५ रोजी केरळच्या समुद्रात 'एमएससी एल्सा ३' हे जहाज ६४० कंटेनरांसह बुडाले. किनाऱ्यावर प्लास्टिकचे बारीक दाणे पसरले. कंटेनरांना हात लावू नका, असे नागरिकांना बजावण्यात आले. केरळ सरकारने ९,५३१ कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा उच्च न्यायालयात दाखल केला. पूर्वी किनारा म्हणत असे, 'हा माल आमचा.' आता किनाऱ्याला म्हणावे लागते, 'हा माल तुमचा, तो घेऊन जा आणि आमची हानी भरून द्या.'

२०/२०
मका, कापूस आणि मिरचीसाठी ओळखल्या जाणाऱ्या सिल्लोडसारख्या भागातील माल परदेशी निघाला, तर आजही त्याला समुद्र ओलांडावा लागतो. वाळूवर पडलेले गाठोडे बेवारस दिसते, कारण त्याचा धनी तेथे उभा नसतो. तो घाटमाथ्यावर असतो, भोगवर्धनच्या पेढीवर असतो किंवा परदेशातील एखाद्या कचेरीत. न दिसणाऱ्या त्या माणसाचा हक्क मानायचा का आणि त्याची जबाबदारी त्याच्याकडून वसूल करायची कशी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळून किनाऱ्याचा न्याय ठरतो. भविलाचे चंदन त्याच्याच हाती राहिले, म्हणून तर त्याला ते दान करता आले.