इन्व्हर्टर कसा बनतो आणि घरासाठी केवढा लागतो?

वीज गेली की बॅटरीतली साठवलेली वीज पंखा-दिव्यांना पुरवणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. बॅटरी देते ती वीज एकाच दिशेने वाहते. तिला एकदिश प्रवाह किंवा डीसी म्हणतात. घरातली उपकरणे मात्र दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहावर किंवा एसीवर चालतात. भारतात ही वीज २३० व्होल्टची असते आणि तिचे सेकंदाला ५० फेरे होतात. १२ व्होल्ट डीसीचे २३० व्होल्ट एसी करणे एवढेच इन्व्हर्टरचे काम. एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरच्या हे बरोबर उलट आहे, म्हणून नाव इन्व्हर्टर.

इन्व्हर्टर स्वतः वीज तयार करत नाही. एका वेळी किती उपकरणे चालतील हे इन्व्हर्टरच्या क्षमतेवर ठरते आणि ती किती वेळ चालतील हे बॅटरीवर. या दोन गोष्टींची गल्लत झाली की मोठा इन्व्हर्टर घेऊनही घर तासाभरात अंधारात जाते.

आतली रचना

साध्या इन्व्हर्टरचे तीन भाग असतात: ताल देणारे सर्किट, स्विच आणि ट्रान्सफॉर्मर.

ताल देण्याचे काम एसजी३५२५ किंवा सीडी४०४७ यांसारखी आयसी करते. स्विच म्हणून मॉसफेट वापरतात. ट्रान्सफॉर्मरच्या बॅटरीकडील गुंडाळीला मधोमध एक टोक काढलेले असते. ते बॅटरीच्या धन टोकाला जोडतात. गुंडाळीची दोन बाहेरची टोके एकेका मॉसफेटमधून ऋण टोकाला जातात. पहिला मॉसफेट १० मिलिसेकंद चालू राहतो, मग दुसरा १० मिलिसेकंद. त्यामुळे गुंडाळीतला प्रवाह आलटून पालटून उलट दिशांना वाहतो, २० मिलिसेकंदांत एक फेरा पूर्ण होतो आणि दुसऱ्या गुंडाळीतून २३० व्होल्ट एसी मिळते.

येथे तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. दोन्ही मॉसफेट क्षणभरही एकत्र चालू होता कामा नयेत, नाहीतर बॅटरी शॉर्ट होऊन दोन्ही जळतात. म्हणून एक बंद होणे आणि दुसरा चालू होणे यांत थोडा विराम ठेवतात. दुसरे, बंद असलेल्या मॉसफेटवर बॅटरीच्या दुप्पट, म्हणजे २४ ते २८ व्होल्टचा दाब येतो आणि त्यावर क्षणिक उसळ्याही येतात. त्यामुळे आयआरएफ३२०५ सारखा ५५ व्होल्टचा मॉसफेट निवडतात. तिसरी गोष्ट उष्णतेची. या मॉसफेटचा रोध सुमारे ०.००८ ओहम असतो. ५५ अँपिअर प्रवाह एकट्यातून गेला तर चालू असताना २४ वॅट उष्णता त्या एकाच तुकड्यात निर्माण होते. तीन समांतर जोडले तर तिघांत मिळून ती ८ वॅटवर येते. म्हणून प्रत्येक बाजूला अनेक मॉसफेट आणि मोठा हीटसिंक लागतो.

बाजारातला १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला तर इन्व्हर्टर चालतो, पण भार टाकताच व्होल्टेज घसरते. बॅटरीही उतरत उतरत १०.५ व्होल्टपर्यंत जाते. म्हणून इन्व्हर्टरसाठी कमी व्होल्टची, उदाहरणार्थ ९-०-९ची, गुंडाळी घेतात आणि बॅटरी भरलेली असताना जास्त होणारे व्होल्टेज सर्किटने आवरतात.

स्क्वेअर वेव्ह आणि साइन वेव्ह

असा साधा इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतो. दिवे त्यावर चालतात, पण साधा पंखा घुंई आवाज करतो आणि मोटार जास्त तापते. साइन वेव्ह इन्व्हर्टर मॉसफेट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून, चालू राहण्याचा काळ कमी-जास्त करतो आणि मग लहर गाळून गुळगुळीत करतो. महाग पडला तरी घरासाठी हाच योग्य. चौकोनी लहर मोजताना साधा मल्टिमीटर फसवतो: तो सुमारे ११ टक्के जास्त आकडा दाखवतो. २३० व्होल्ट असताना २५५ दिसले तर लगेच सर्किटला दोष देऊ नये.

इन्व्हर्टर केवढा घ्यावा?

वीज गेल्यावर एकाच वेळी चालणाऱ्या उपकरणांची यादी करावी. एका घराचा हिशोब असा:

- ३ साधे पंखे, प्रत्येकी ७५ वॅट: २२५ वॅट
- ५ एलईडी दिवे, प्रत्येकी ९ वॅट: ४५ वॅट
- टीव्ही: ६० वॅट
- वाय-फाय राउटर: १० वॅट

एकूण ३४० वॅट. इन्व्हर्टरवर मात्र वॅट नव्हे, व्हीए लिहिलेले असते. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ३४० भागिले ०.८ म्हणजे ४२५ व्हीए. त्यात पाव हिस्सा मोकळा ठेवला की सुमारे ५३० व्हीए. येथे ७०० व्हीएचा इन्व्हर्टर पुरेसा आहे. घेताना तो किती वॅट देतो हेही विचारावे.

फ्रिज आणि पाण्याचा पंप या यादीत सहज घालू नयेत. मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. गीझरचा तर प्रश्नच नाही. २००० वॅटच्या गीझरसाठी १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळपास २०० अँपिअर ओढावे लागतील.

बॅटरी केवढी घ्यावी?

वरचा भार ३ तास चालवायचा आहे असे धरू. ३४० गुणिले ३ म्हणजे १०२० वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये सुमारे १५ टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून बॅटरीतून १२०० वॅट-तास काढावे लागतील. १२ने भागले की १०० अँपिअर-तास.

पण म्हणून १०० अँपिअर-तासांची बॅटरी घेणे चूक ठरते. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार पूर्ण उतरवली तर लवकर निकामी होते. शिवाय तिच्यावरचा आकडा सहसा २० तासांत सावकाश उतरवण्याचा असतो. भरभर उतरवली तर ती त्याहून कमी देते. अर्धीच वापरायची हा नियम पाळला तर २०० अँपिअर-तासांची बॅटरी लागते.

आता तीन साध्या पंख्यांऐवजी प्रत्येकी ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावले तर भार २०५ वॅटवर येतो. त्याच हिशोबाने १२० अँपिअर-तास पुरतात, म्हणजे १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतही वाव उरतो. दर काही वर्षांनी मोठी बॅटरी बदलण्यापेक्षा पंखे एकदा बदलणे कित्येकदा परवडते.

वीज आल्यावर बॅटरी पुन्हा भरावी लागते. चार्जर १५ अँपिअरचा असेल तर काढलेले १०० अँपिअर-तास परत यायला सात-आठ तास सहज लागतात. दिवसातून दोनदा तीन-तीन तास वीज जात असेल तर बॅटरी दुसऱ्या खेपेला अर्धवटच भरलेली असते. अशा ठिकाणी फक्त तासांचा नव्हे, भरायला मिळणाऱ्या वेळेचाही विचार करावा.

वायर आणि फ्यूज

२३० व्होल्टच्या बाजूला ३४० वॅटसाठी दीड अँपिअर प्रवाह वाहतो. बॅटरीच्या बाजूला त्याच भारासाठी ३३ अँपिअर वाहतात आणि ५६० वॅटच्या पूर्ण भाराला ५५. घरच्या बोर्डाला चालणारी ४ चौरस मिलिमीटरची वायर दीड मीटर अंतरावरच्या बॅटरीला जोडली तर जाता-येता मिळून ०.७ व्होल्ट तिच्यातच जातात आणि सुमारे ३९ वॅट उष्णता वायरमध्ये निर्माण होते. २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये हीच घट ०.११ व्होल्ट राहते. म्हणून बॅटरी इन्व्हर्टरजवळ ठेवावी, वायर जाड घ्यावी, टोके घट्ट आवळावीत आणि बॅटरीच्या धन टोकाजवळच ८० अँपिअरचा फ्यूज बसवावा.

जिवाची काळजी

बॅटरी १२ व्होल्टची असली तरी तिच्या टोकांवर पाना पडला तर तो लालभडक होतो. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे ती बंद कपाटात किंवा देवघरातल्या दिव्याजवळ ठेवू नये. घरी बनवलेल्या इन्व्हर्टरचे २३० व्होल्ट महावितरणच्या २३० व्होल्टइतकेच जीवघेणे असतात. पहिली चाचणी छोटा फ्यूज आणि एका बल्बवर, जाणकाराच्या देखरेखीत करावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इन्व्हर्टरची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचून घराला वीज देऊ नये. ती वीज मीटरमधून मागे जाऊ शकते आणि गल्लीतला ट्रान्सफॉर्मर तिचे ११,००० व्होल्ट करू शकतो. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनला ती लागते. एका वेळी महावितरण किंवा इन्व्हर्टर यांपैकी एकच जोडला जाईल असा चेंजओव्हर स्विच किंवा रिले बसवणे आणि ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेणे यात काटकसर करू नये.