हार्ड डिस्कवरील माहितीची पुनर्प्राप्ती

संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये (दृढ चुंबकीय चकतीत) साठविलेली माहिती यंत्र बिघडल्याने, चुकून पुसली गेल्याने किंवा आग, पूर, अपघात यांसारख्या आपत्तीमुळे नेहमीच्या मार्गाने वाचता येईनाशी झाल्यास ती विशेष साधने व पद्धती वापरून परत मिळविण्याच्या क्रियेस माहितीची पुनर्प्राप्ती म्हणतात. माहिती वाचणारे यंत्र बंद पडणे आणि माहितीची नोंद नष्ट होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली घडली म्हणजे दुसरी घडलीच असे नाही. पुनर्प्राप्तीचे सर्व तंत्र या भेदावर आधारलेले असून त्याचा इतिहास म्हणजे या दोन घटनांमधील अंतर कसे बदलत गेले याचा इतिहास होय.

रचना : हार्ड डिस्कमध्ये ॲल्युमिनियमाच्या किंवा काचेच्या एक वा अधिक तबकड्या एका आसावर बसविलेल्या असतात. त्यांच्या पृष्ठावर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. तबकडी वेगाने फिरत असताना वाचन-लेखन शीर्ष तिला स्पर्श न करता तिच्यालगत तरंगत राहते व थरातील सूक्ष्म क्षेत्रांचे चुंबकन बदलून माहिती लिहिते किंवा त्या चुंबकनाचा वेध घेऊन ती वाचते. तबकडीवर समकेंद्री मार्ग आखलेले असून प्रत्येक मार्गाचे लहान खंड केलेले असतात. कोणती फाइल कोणत्या खंडांत आहे याची सूचीही तबकडीवरच असते. सूची बिघडली, तर माहिती जागच्या जागी असूनही संगणकाला ती सापडत नाही. ग्रंथालयातील तालिका जळाली, तरी फडताळांतील ग्रंथ शाबूत असावेत, तशीच ही स्थिती असते.

इतिहास : पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ साली ‘रॅमॅक ३०५’ या संगणकाबरोबर सादर केली. रेनल्ड जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली सॅन होझे येथील प्रयोगशाळेत ती विकसित झाली होती. तीत सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व सर्व मिळून ५० लाख वर्ण साठविता येत. चौरस इंचास सु. २,००० बिट एवढीच तिची नोंदघनता होती. शीर्ष व तबकडी यांमधील अंतर सु. ०·०२ मिमी. होते. अशी यंत्रे मोठ्या कंपन्या व शासकीय कार्यालये यांतच असत आणि त्यांच्या देखभालीसाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमलेले असत. शीर्ष तबकडीवर आपटून चुंबकीय थर खरवडला जाणे (यास ‘हेड क्रॅश’ म्हणतात) हा प्रकार तेव्हाही परिचित होता. मात्र छिद्रित पत्रे किंवा चुंबकीय फिती यांवर माहितीची दुसरी प्रत ठेवण्याची शिस्त अशा कार्यालयांत रूढ असल्याने नुकसान बहुधा भरून काढता येई.

आयबीएमने १९७३ साली ‘३३४०’ ही ‘विंचेस्टर’ नावाने प्रसिद्ध झालेली रचना आणली. तीत हलकी शीर्षे व वंगणाचा लेप दिलेल्या तबकड्या एकाच बंदिस्त पेटीत ठेवलेल्या होत्या. धुळीपासून संरक्षण झाल्यामुळे शीर्ष तबकडीच्या पुष्कळच जवळ आणता आले व नोंदघनता वाढली. पुढील हार्ड डिस्क बहुतांशी याच तत्त्वावर बनविण्यात आल्या. १९८० साली ५ मेगाबाइट क्षमतेची ‘एसटी-५०६’ ही ५·२५ इंची हार्ड डिस्क निघाली आणि १९८३ च्या आयबीएमच्या ‘पीसी-एक्सटी’ या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क बसविण्यात आली. यामुळे दप्तरे, हिशेब व हस्तलिखिते वैयक्तिक संगणकांत साठविली जाऊ लागली. यंत्र सामान्य माणसाच्या मेजावर आले. पण दुसरी प्रत ठेवण्याची कार्यालयीन शिस्त त्याबरोबर आली नाही. पुनर्प्राप्ती हा स्वतंत्र व्यवसाय होण्याचे हे प्रमुख कारण होय.

त्या काळातील ‘डॉस’ या कार्यप्रणालीत फाइल पुसण्याची आज्ञा दिल्यावर सूचीतील तिच्या नावाचे पहिले अक्षर एका ठरावीक खुणेने बदलले जाई व तिने व्यापलेली जागा मोकळी असल्याची नोंद होई. खंडांतील मूळ मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राही. पीटर नॉर्टन यांनी १९८२ साली विक्रीस आणलेल्या आज्ञावलीसंचातील ‘अनइरेझ’ ही आज्ञावली या गुणधर्माचा उपयोग करून पुसलेली फाइल परत मिळवून देई. यांत्रिक बिघाडांवर उपाय करणाऱ्या प्रयोगशाळाही याच दशकात उभ्या राहिल्या. ऑनट्रॅक ही अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९८५ साली स्थापन झालेली कंपनी या क्षेत्रातील आद्य कंपन्यांपैकी एक आहे.

कार्यपद्धती : बिघाडाचे तार्किक व भौतिक असे दोन प्रकार मानतात. तार्किक बिघाडात यंत्र सुस्थितीत असते. पण सूची वा फाइल खराब झालेली असते. भौतिक बिघाडात शीर्षे, चालित्र, विद्युत् मंडल किंवा खुद्द तबकडी यांना इजा झालेली असते. दोन्ही प्रकारांत पहिला नियम एकच आहे : मूळ डिस्कवर काहीही लिहावयाचे नाही. शक्य तितक्या लवकर तिची खंडशः प्रत काढून पुढील सर्व काम त्या प्रतीवर करतात. प्रत काढताना प्रथम सहज वाचता येणारे भाग उचलतात आणि खराब भागांकडे शेवटी वळतात. कारण दुर्बळ झालेले शीर्ष प्रत्येक प्रयत्नागणिक अधिक निकामी होण्याचा संभव असतो. बिघडलेली डिस्क पुनःपुन्हा चालू करून पाहिल्याने सैल शीर्ष तबकडीचा थर खरवडत जाते व दुरुस्त होण्याजोगा बिघाड कायमचा होतो.

डिस्कची पेटी उघडावयाची झाल्यास ते काम गाळलेल्या हवेच्या निर्धूल कक्षात करावे लागते. आधुनिक डिस्कमधील शीर्ष तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असल्याने धुरातील एक कणही त्याच्या दृष्टीने मोठा अडथळा ठरतो. निकामी शीर्षांच्या जागी त्याच नमुन्याच्या दुसऱ्या डिस्कमधील शीर्षे बसवितात. पूर्वी विद्युत् मंडल बदलूनही पुष्कळदा काम भागे. पुढे प्रत्येक डिस्कच्या शीर्षांचे सूक्ष्म जुळणीमान तिच्या मंडलावरील स्मृतीत व तबकडीवरील राखीव भागात नोंदविले जाऊ लागले. त्यामुळे केवळ दुसरे मंडल लावणे पुरेसे होत नाही, तर मूळ मंडलावरील स्मृतीही त्यावर हलवावी लागते.

‘कोलंबिया’ अवकाशयानाची डिस्क : यंत्राचा नाश व नोंदीचा नाश यांतील भेद एका दुर्घटनेत विशेष स्पष्टपणे दिसून आला. १६ जानेवारी १९८३ नव्हे, तर त्यानंतर वीस वर्षांनी, १६ जानेवारी २००३ रोजी निघालेले ‘कोलंबिया’ हे अमेरिकन अवकाशयान १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर टेक्सस राज्याच्या आकाशात विदीर्ण झाले. हरयाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानात झेनॉन वायूच्या श्यानतेविषयीचा (दाटपणाविषयीचा) एक प्रयोग चालू होता. त्याची काही निरीक्षणे उड्डाण चालू असतानाच पृथ्वीवर पाठविण्यात आली होती; उरलेली यानातील एका साध्या व्यापारी हार्ड डिस्कवर होती. ही डिस्क पुढे अवशेषांत सापडली व मिनेसोटातील उपर्युक्त प्रयोगशाळेकडे सोपविण्यात आली. तिचे विद्युत् मंडल जळून गेले होते आणि पेटीची सील वितळल्याने आत धूळ शिरली होती. तबकड्यांवर ओरखडे व खळगे पडले होते. परंतु त्या वाकलेल्या नव्हत्या. डिस्क निम्मीच भरलेली होती आणि इजा मुख्यतः कोऱ्या भागाला झाली होती. प्रयोगाचा संगणक ‘डॉस’ प्रणालीवर चालत असल्याने मजकूर तबकडीवर विखुरलेला नव्हता. रसायनांनी स्वच्छ केलेल्या तबकड्या दुसऱ्या यंत्रात बसविल्यावर सु. ९९ टक्के माहिती परत मिळाली. यानातील इतर दोन डिस्कमधून मात्र काहीच हाती लागले नाही.

या निरीक्षणांवर आधारलेला रॉबर्ट बर्ग व त्यांचे सहकारी यांचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. ढवळल्यावर पातळ होण्याचा जो गुणधर्म रंगासारख्या जटिल द्रवांत आढळतो, तो झेनॉनसारख्या साध्या द्रायूतही क्रांतिक बिंदूजवळ प्रकट होतो, हे त्यातून दिसून आले. अंतराळवीरांच्या अखेरच्या कामगिरीचा एक भाग अशा रीतीने विज्ञानाच्या हाती आला.

मर्यादा : नोंद खरोखर नष्ट होण्याची कारणे थोडी आहेत. थर खरवडला जाणे, चुंबकत्व नाहीसे होईल इतके तापमान वाढणे आणि त्याच जागी दुसरी माहिती लिहिली जाणे ही त्यांपैकी प्रमुख होत. पुनर्लेखनानंतरही जुन्या नोंदीचा अवशेष सूक्ष्मदर्शकीय साधनांनी ओळखता येईल, अशी शक्यता पीटर गुटमन यांनी १९९६ साली मांडली व माहिती निश्चितपणे पुसण्यासाठी ३५ वेळा लिहिण्याची एक योजना सुचविली. नोंदघनता वाढत गेल्यावर ही शक्यता व्यवहारात उरली नाही. आधुनिक डिस्कसाठी एकदाच केलेले पुनर्लेखन पुरेसे असल्याचे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००६ साली नमूद केले. पुनर्प्राप्तीची दुसरी बाजूही याच सुमारास पुढे आली. सिमसन गारफिंकेल व अभी शेलाट यांनी २००० ते २००२ या काळात विकत घेतलेल्या १५८ जुन्या डिस्कपैकी १२९ वाचता आल्या. त्यांपैकी केवळ १२ नीट पुसलेल्या होत्या. मालकाला जी माहिती गेली असे वाटते, ती परक्याच्या हाती शाबूत लागू शकते.

रॅमॅकच्या तुलनेत आधुनिक डिस्कची नोंदघनता कोट्यवधी पटींनी वाढली असून ती चौरस इंचास १ लाख कोटी बिटांहूनही अधिक झाली आहे. त्यामुळे तबकडीवरील नखाएवढ्या ओरखड्यातही मोठ्या दप्तराइतका मजकूर नाहीसा होऊ शकतो. हलणारे भाग नसलेल्या घनावस्था स्मृतींमध्ये (एसएसडी) तर मूळ भेदच पुसट झाला आहे. फाइल काढून टाकल्याचे कार्यप्रणालीने कळविताच ही साधने तिची जागा स्वतःहून रिकामी करतात. माहिती सांकेतिक रूपात साठविलेली असल्यास किल्ली हरवताच शाबूत नोंदही निरर्थक ठरते. पुनर्प्राप्तीचे तंत्र जसजसे कुशल झाले, तसतसे तिला मिळणारे अवसर आकुंचित होत गेले आहेत. म्हणूनच महत्त्वाच्या माहितीच्या एकाहून अधिक प्रती निरनिराळ्या साधनांवर व निरनिराळ्या ठिकाणी ठेवणे आणि त्या वाचता येतात की नाही हे वेळोवेळी पडताळून पाहणे, हाच माहितीच्या रक्षणाचा सर्वांत विश्वसनीय मार्ग होय.