मधुमक्यावरील लष्करी अळीचे एकात्मिक नियंत्रण

मधुमक्याचे कणीस दुधाळ अवस्थेतच बाजारात जाते. पोखरलेले किंवा विष्ठेने भरलेले कणीस व्यापारी घेत नाही, शिवाय फवारणी आणि तोडणीत फार दिवस मिळत नाहीत. म्हणून किडीचा बंदोबस्त पीक पोंग्यात असतानाच करावा.

ओळख
अमेरिकन लष्करी अळी भारतात 2018 मध्ये प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय'सारखी खूण असते, तर शेपटीकडील भागावर चौकोनात चार काळे ठिपके दिसतात. लहान अळ्या पानांचा हिरवा भाग खरवडतात, त्यामुळे पांढरे चट्टे पडतात. मोठ्या अळ्या पोंग्यात शिरतात. पानांना मोठी छिद्रे आणि पोंग्यात भुशासारखी ओली विष्ठा दिसते.

सर्वेक्षण
उगवणीपासून आठवड्यातून दोनदा शेतात फिरा. पाच ठिकाणी प्रत्येकी 20 झाडे तपासा. 100 पैकी जितकी झाडे प्रादुर्भावग्रस्त, तितके टक्के नुकसान समजा. एकरी 5 कामगंध सापळे लावा.

उपाय
- पेरणीपूर्वी खोल नांगरट करा. मातीतील कोष उन्हाने मरतात, पक्षी वेचतात.
- परिसरातील पेरणी शक्यतो एकाच वेळी करा.
- अंडीपुंज व लहान अळ्या गोळा करून नष्ट करा.
- पहिल्या 30 दिवसांत वाळू व चुना 9:1 प्रमाणात मिसळून पोंग्यात टाका.
- सुमारे 5 टक्के झाडांवर प्रादुर्भाव दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारा.
- प्रादुर्भाव 10 टक्क्यांपुढे गेल्यास इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी 0.4 ग्रॅम किंवा क्लोरँट्रानिलिप्रोल 18.5 एससी 0.4 मिलि प्रति लिटर पाण्यातून फवारा. पुढच्या फवारणीला तेच कीटकनाशक पुन्हा वापरू नका.

फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करा. नोझल पोंग्यावर धरा. नुसती पाने भिजवून आतली अळी मरत नाही.

तुरा आल्यानंतर
रासायनिक फवारणी टाळा. कणसावरील अळ्या हाताने वेचा. लेबलवरील काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पाळा. कणसे तोडल्यावर हिरवी ताटे जनावरांना घालणार असाल, तर हा नियम चाऱ्यालाही लागू समजा.