कामाचा ताण : भार किती आणि लगाम कोणाच्या हाती?

‘साहेबांना ताण फार’, असे कार्यालयांत सहानुभूतीने म्हटले जाते. मोठी खुर्ची, मोठी जबाबदारी आणि म्हणून मोठा ताण, हे गणित सर्वांना सहज पटते. मानसशास्त्रातील गेल्या अर्धशतकाच्या संशोधनाने मात्र त्याला छेद दिला आहे. काम किती आहे याइतकेच, किंबहुना काही वेळा त्याहूनही अधिक, त्या कामावर माणसाचा ताबा किती आहे हे आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

ताण म्हणजे काय?

संकट दिसताच शरीर झुंज देण्यास अथवा पळ काढण्यास सज्ज होते, हे हार्वर्ड विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. हृदयाची गती वाढते, श्वास जलद होतो, पचन मंदावते आणि रक्तातील साखर वाढते. पुढे १९३६ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, शस्त्रक्रिया, अतिश्रम, विषारी द्रव्ये यांपैकी कोणत्याही कारणाने उंदरांना त्रास झाला, तरी त्यांच्या शरीरात साधारण सारखेच बदल होत होते : अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होत, थायमस ग्रंथी आक्रसे आणि पचनमार्गात व्रण पडत. धोक्याची जाणीव, प्रतिकार आणि अखेर थकवा अशा तीन अवस्था सेल्ये यांनी मांडल्या. ‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकात रूढ झाला तो मुख्यतः त्यांच्यामुळे.

ही यंत्रणा मुळात उपकारकच आहे. परीक्षेपूर्वीचा अथवा व्यासपीठावर जाण्यापूर्वीचा ताण लक्ष एकाग्र करतो आणि प्रसंग सरला की ओसरतो. तो ओसरतच नाही, तेव्हा अपाय सुरू होतो. अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके दीर्घकाळ वाढलेली राहिली, तर रक्तदाब, झोप आणि रोगप्रतिकारशक्ती यांवर त्याचा परिणाम होतो.

माकडांच्या प्रयोगातील चूक

साहेबांच्या ताणाची कल्पना रुजण्यात एका प्रयोगाचाही वाटा आहे. अमेरिकेतील जोसेफ ब्रेडी यांनी १९५८ साली माकडांच्या चार जोड्या घेतल्या. जोडीतील दोघांनाही विजेचे सारखेच धक्के बसत. परंतु एकाच्या हाती अशी कळ होती, की ती वेळीच दाबल्यास दोघांचाही धक्का टळे. दुसऱ्याजवळची कळ निरुपयोगी होती. कळ सांभाळणाऱ्या माकडांना व्रण झाले, त्यांच्या जोडीदारांना झाले नाहीत. ‘अधिकारी माकडे’ या नावाने हा प्रयोग गाजला.

त्यात एक दोष होता. कोणते माकड ‘अधिकारी’ व्हावे, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. कळ दाबायला जी लवकर शिकली, त्यांनाच ते काम दिले गेले होते. म्हणजे मुळातच अधिक उत्तेजित होणारी माकडे निवडली गेली असण्याचा संभव होता. १९७०च्या सुमारास जे वाइस यांनी उंदरांवर, निवडीत हा पक्षपात न ठेवता, असेच प्रयोग केले आणि निष्कर्ष उलटा आला. धक्का थांबवणे ज्यांच्या हाती होते, त्यांना कमी व्रण झाले. तेवढेच धक्के असहायपणे सोसणाऱ्यांना अधिक. धक्क्यापूर्वी इशारा मिळत असेल, तरीही हानी कमी होई. (माणसांतील बहुतेक अल्सरमागे विशिष्ट जिवाणू अथवा वेदनाशामक औषधे असतात, हे आज ज्ञात आहे, तरी नियंत्रणाविषयीचा हा मुद्दा टिकून राहिला.)

व्हाइटहॉलची शिडी

माणसांविषयीचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा लंडनमधून आला. ब्रिटिश सरकारी सेवेतील सुमारे १८ हजार पुरुषांची पाहणी १९६७ साली सुरू झाली. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या विश्लेषणात असे दिसले, की सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीच्या तिपटीहून अधिक होते. फरक केवळ दोन टोकांतला नव्हता. शिडीच्या प्रत्येक पायरीगणिक धोका बदलत होता. धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांनी या फरकाचा काही भागच उलगडला.

१९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत १०,३०८ स्त्री-पुरुष कर्मचारी होते. कामावर ज्यांचे नियंत्रण कमी, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका अधिक, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळले. श्रेणींमधील तफावतीचा मोठा भागही त्यातून उलगडत होता.

अमेरिकी संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली याच विचाराला सूत्ररूप दिले होते. कामाची मागणी मोठी आणि निर्णयस्वातंत्र्यही मोठे असेल, तर माणूस शिकतो, रमतो. मागणी मोठी आणि स्वातंत्र्य तुटपुंजे असेल, तर तो झिजतो. अर्थात नियंत्रण हे एकमेव कारण नव्हे. नोकरीची शाश्वती, कष्टांचे योग्य मोल आणि सहकाऱ्यांचा आधार यांचाही वाटा असतो.

छोट्या निर्णयांचे मोल

ताबा मोठाच असावा लागतो असे नाही. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ साली अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात काही रहिवाशांना खोलीची मांडणी आणि चित्रपटाची संध्याकाळ स्वतः ठरवू दिली, शिवाय सांभाळायला एक रोपटे दिले. इतर रहिवाशांची तीच काळजी कर्मचारी घेत. काही आठवड्यांतच पहिला गट अधिक प्रसन्न आणि सक्रिय झाल्याचे आढळले.

कामाचा क्रम, विश्रांतीची वेळ, पाळ्यांचे वेळापत्रक आधी कळणे, आपल्या कामाविषयीच्या निर्णयात मत विचारले जाणे, या गोष्टींना खर्च फारसा येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना त्याला आजार म्हटले नाही, नीट न हाताळल्या गेलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाचा तो परिणाम असल्याचे म्हटले. म्हणूनच ताणाने थकलेल्या कर्मचाऱ्याला केवळ प्राणायामाचा सल्ला देऊन संस्थेची जबाबदारी संपत नाही. व्यायाम, झोप आणि मोकळा संवाद यांचा उपयोग होतोच; परंतु लगामाचे एखादे टोक काम करणाऱ्याच्या हातीही असावे लागते.

झोप उडणे, सततची चिडचिड, निराशा अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.