खासगी बचावाचा हक्क

खासगी बचावाचा हक्क म्हणजे स्वतःच्या किंवा इतरांच्या शरीरावर वा मालमत्तेवर गुन्हेगारी हल्ला झाला असता आवश्यक तेवढे बळ वापरून तो परतवण्याचा, भारतीय कायद्याने दिलेला हक्क होय. या हक्काच्या मर्यादेत केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही. मर्यादा ओलांडल्यास मात्र बचाव करणाराच आरोपी होऊ शकतो.

कायदेशीर तरतुदी

१८६० च्या भारतीय दंड संहितेत हा हक्क कलम ९६ ते १०६ मध्ये होता. पूर्वी हैदराबाद संस्थानात असलेल्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याला ही संहिता १९५१ साली लागू झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ अमलात आहेत. मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण किंवा अ‍ॅसिड हल्ला अशा प्रसंगी बचावात हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी तो गुन्हा नसतो. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी आणि राहत्या घरास आग लावणे यांना हीच मुभा आहे. साध्या चोरीत, जिवाची वा जबर दुखापतीची भीती नसेल तर, चोराचा जीव घेता येत नाही.

मर्यादा

पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही. धोका संपताच शरीराच्या बचावाचा हक्कही संपतो. त्यानंतरची मारहाण सूड मानली जाते. सद्भावनेने मर्यादा ओलांडून मृत्यू घडवल्यास तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. बचावाची परिस्थिती दाखवून देण्याचा भार आरोपीवर असतो. परंतु तो शक्यतेच्या निकषावर पेलता येतो. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हल्ला झालेल्या व्यक्तीकडून सोन्याच्या काट्याने मोजून प्रतिकाराची अपेक्षा करता येत नाही, असे तत्त्व मांडले.

ग्रामीण भागातील स्थिती

धाराशिवसारख्या जिल्ह्यात अनेक कुटुंबे गावापासून दूर शेतवस्तीवर राहतात. तेथे पोलीस पोहोचण्यास वेळ लागत असल्याने या हक्काला व्यवहारात महत्त्व आहे. मात्र चोरांना रोखण्यासाठी कुंपणात वीजप्रवाह सोडून कुणाचा मृत्यू झाल्यास तो बचाव मानला जाणे कठीण असते. दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा समक्ष करणाऱ्यास सामान्य नागरिकही पकडू शकतो. परंतु विनाविलंब, सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात देणे बंधनकारक आहे. पोलिसांच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

संशय आणि बचाव

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. केवळ अफवेवरून केलेला असा हल्ला बचावाच्या व्याख्येत बसत नाही. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी पारधी व अन्य भटक्या समाजांकडे पाहण्याची संशयी दृष्टी पूर्णपणे गेलेली नाही. त्यामुळे प्रत्यक्ष धोका आणि निव्वळ संशय यांतील भेद या हक्काच्या केंद्रस्थानी आहे.